गोळीशिवायची रेघ

एका म्हाताऱ्याच्या मेंदूत तार बसवून हाताची थरथर थांबवायची की नाही, एवढं ठरवायला पाच डॉक्टर! यशवंत पेंटरला हसूच आलं. एक चालवून बघे, एक बोलतं करून बघे, आणि एक पोरगी तर 'मन कसं आहे' म्हणून विचारी. "एका पाटीला पाच पेंटर लावले की पाटी बिघडलीच समज," तो बायकोच्या कानात पुटपुटला.

चाचणी साधी होती. आदल्या रात्रीपासून कंपवाताची गोळी बंद ठेवून कागदावर वेटोळं काढायचं. मग गोळी घेऊन पुन्हा काढायचं. गोळीनं फरक पडला, तरच ऑपरेशन. यशवंतनं दोन्ही वेटोळी झकास काढली आणि पाचही जणांकडं मिशीत हसत पाहिलं.

"फरकच नाही, काका," मोठे डॉक्टर म्हणाले. "मग ऑपरेशनचा उपयोग व्हायचा नाही."

त्याचं तोंड उतरलं. पुन्हा ब्रश धरायची सगळी आस त्या तारेवरच होती. बायकोनं पर्समधली गोळ्यांची पट्टी टेबलावर आपटली. "एक गोळी कमी आहे! पहाटे चोरून खाल्लीय ह्यांनी, पेंटरची रेघ वाकडी दिसंल म्हणून. रोज माझ्याकडून शर्टाची बटणं लावून घेताना कुठं जाते ही ऐट?"

दुसऱ्या दिवशी, गोळीशिवाय, कोंबडीनं उकिरडा उकरल्यागत रेघा उमटल्या. यशवंतनं कागद पुन्हा पुढं ओढला आणि जन्मभर प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात केली ती सही थरथरत्या हातानं खाली केली: यशवंत आर्ट.