नववी पास

शिवानं पुस्तिका समोर धरली नि घडाघडा वाचून दाखवली. कुठं अडखळणं नाही की चुकणं नाही. वाफेचा व्हॉल्व्ह कधी उघडायचा, पंप कधी बंद करायचा, सगळं अगदी शब्दन् शब्द. वाचून झाल्यावर त्यानं ऐटीत वर पाहिलं.

परीक्षा घ्यायला मुंबईहून आलेल्या मॅडम त्याच्याकडे बघतच राहिल्या. "शिवाभाऊ, मी तुम्हाला चौथं पान काढून दिलं होतं. तुम्ही पहिलं म्हणून दाखवलंत."

झालं! अकरा वर्षं झाकलेलं पितळ एका मिनिटात उघडं पडलं. रोह्याच्या त्या कंपनीत शिवाइतका पक्का ऑपरेटर दुसरा नव्हता. पंपाच्या नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग जाणार ते तो सांगायचा. लॉगबुक मात्र सोबतचा निकेश लिहायचा. आता कंपनीला कसलंसं परदेशी सर्टिफिकेट हवं होतं, नि ज्याला वाचता येत नाही त्याला मशीनवर ठेवायचं नाही, असा हुकूम निघाला होता. निकेशकडून आठवडाभर वाचून घेऊन बिचाऱ्यानं पहिलं पान पाठ केलं होतं.

"शाळेत गेला नाहीत का?"

"नववी पास हाय, मॅडम. पन अक्षरं ठरत नायत. एक धरावं तर दुसरं सरकतं. मास्तरांनी बदडून काढला, मंग वर ढकलीत नेला. मीच मानलं, आपुन मठ्ठ."

"मठ्ठ कसले हो!" मॅडमनी खुर्ची पुढं ओढली. "माझ्या भावाचं अगदी असंच आहे. डिस्लेक्सिया म्हणतात त्याला. मेंदूच अक्षरं वेगळ्या तऱ्हेनं घेतो. बुद्धीत काही कमी नसतं. मी रिपोर्टात तसं लिहिते, तोंडी परीक्षा घ्या म्हणते. तुमची जागा राहील."

शिवाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बेचाळीस वर्षांत त्याच्या बुद्धीबद्दल कुणी बरं बोललं नव्हतं. मॅडमनी लिहायला घेतलं, तसा तो दचकला.

"कागदावर मेंदूचं येनार?"

"येणारच की."

"मंग नको, मॅडम. रविवारी माज्या नूतनला बघायला खांब गावचे पाव्हणे येतायत. पोरगा इथंच पॅकिंगला हाय, त्याच्या कानावर जानारच. बापाच्या मेंदूत खोट म्हटल्यावर पोरीला कोन करून घेईल? 'शिकलेला नाय' असं लिवा."

"अहो, मग उद्यापासून गोणी उचलायला घालतील तुम्हाला!"

"व्हय. उचलीन."

मॅडमनी परोपरीनं समजावलं. शिवा ऐकेना. शेवटी त्यांनी तो म्हणाला तसंच लिहिलं नि सहीसाठी पेन पुढं केलं. सही तेवढी त्याला झोकात यायची. त्यानं पेन घेतलं, जरा वेळ तसंच धरलं नि परत टेबलावर ठेवलं.

"शाईचं पॅड हाय का, मॅडम?"