एसेनसाठी पांढरा नमदा

"तलवारीला धार लावून झाली, बाई. आता माझ्याकडे येऊन काय उपयोग?" मान वर न करता कुतलुग आगा म्हणाला.

तो खानाच्या छावणीचा कारभारी. समोर उभी असलेली सेविन्च लोकरीचे नमदे, म्हणजे न विणता लोकर दाबून केलेल्या जाड सतरंज्या, करायची. आठ वर्षांपूर्वी उरगेंच शहर पडलं, तेव्हा हातात कसब होतं म्हणून तिला जिवंत ठेवून इथे आणलं होतं. तिचा नवरा एसेन घोडे राखायचा. थोरला खान वारला, त्याच्या दोन मुलांत गादीसाठी जुंपली, आणि हा वेडा नेमका हरणाऱ्याच्या बाजूने लढला. उद्या त्याची मान उडणार होती.

सेविन्चने कमरपट्ट्याची सोन्याची बक्कल पुढे धरली.

"ही ओळखता, आगा? एसेन जन्मला तेव्हा थोरल्या खानांनी त्याच्या आईला दिलेली."

आगाने मागची खूण निरखली. मग पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"इतकी वर्षं तोंड का शिवलं होतंस?"

"त्याचीच शपथ होती. म्हणायचा, मला घोडे आणि तू, एवढं पुरे." तिला रडू आवरेना. "पण आगा, घोडेवाला म्हणून मरण्यापेक्षा खानाचा मुलगा म्हणून जगला तर काय बिघडलं?"

"खानाचं रक्त," आगा पुटपुटला. "मग तलवारीचं नाव नको. त्याच्या रक्ताचा थेंबही जमिनीवर सांडणार नाही. माझा शब्द."

तिने त्याचे पाय धरले.

"ऊठ. परवा सकाळी नवा नमदा लागेल. पांढरा, डाग नसलेला, एसेनच्या मानाला शोभेल असा. करशील?"

पांढरा नमदा! तिने तो एकदाच पाहिला होता. शेजारच्या टोळीच्या नव्या खानाला त्यावर बसवून चार सरदारांनी चार कोपरे धरून वर उचललं होतं. आणि जिंकलेल्या भावाला सरदारांनी अजून उचललं नव्हतं. त्यांची कुरबुर छावणीभर ऐकू येत होती.

दोन दिवस तिच्या पोटात अन्न गेलं नाही. कोकरांची लोकर पिंजून थर लावले, कढत पाणी शिंपडलं. गुंडाळी दोरांनी आवळून घोड्यांमागे माळावर फरफटवली, आणि मन भरेना म्हणून पुन्हा एकदा फरफटवली. वजनाने फाटायला नको होता.

तिच्याबरोबरच पकडून आणलेली गौहर चिडवायला लागली, "खानाची बायको झालीस की ओळख देशील ना गं?"

"ओळख देईन, पण तुझं ते आंबलेलं घोडीचं दूध पिणार नाही, सांगून ठेवते!"

आठ वर्षांत ती इतकी हसली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी एसेनला नवा अंगरखा घालून आणलं. त्याने नमदा पाहिला, विणकामासारखी तिची नीटस किनार ओळखली, आणि गर्दीत तिला शोधलं. तो इथेच जन्मलेला, इथल्या रीती जाणणारा. तिच्याकडे पाहून तो हसला, अगदी शांतपणे, आणि नमद्यावर आडवा झाला.

आडवा का? बसायचं ना?

चार सरदारांनी चार कोपरे उचलले आणि त्याच्या अंगावर दुमडले. मग गुंडाळी झाली. दोर आवळले गेले.

"इतका घट्ट नमदा मी बघितला नाही," आगा तिच्याशेजारी येऊन आदराने म्हणाला. "थेंबही बाहेर येणार नाही. राजरक्ताचा मान राहिला."

त्याने हात वर केला, आणि एसेननेच वाढवलेले घोडे त्या गुंडाळीवर सोडण्यात आले.