कुमुदिनीचा विषय

आनंदराव खोलीत आले आणि कुमुदिनीनं घाईनं लॅपटॉप मिटला. सुनेनं तिला ब्लॉग उघडून दिल्यापासून हे असंच चाललं होतं. त्यांचा संशय बळावला.

"घरातलं काही चव्हाट्यावर मांडू नकोस हं. लिहायचंच तर पाककृती लिही."

"जन्मभर रांधलं, आता तेच लिहीत बसू?" ती हसली. "माझा विषय ठरलाय. लग्नाआधीचा."

आनंदरावांनी मिटलेल्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "कोण होता तो?"

"तो कुठला हो, कबड्डी! जिल्ह्याच्या संघात होते मी. ठरलेलं लग्न मोडेल म्हणून बाबांनी तुमच्यापासून लपवलं."

इतकी वर्षं संसार केलेल्या बायकोकडे ते बघतच राहिले. मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "चढाई करायचीस की पकड?"

"पकड," ती म्हणाली. "माझ्या हातून सहसा कुणी सुटायचं नाही."