यवनांचं नगर

"सर, फ्लेक्सवरचा एक शब्द बदलावा लागंल," हरिओम म्हणाला. "पालकांचे फोन यायलेत."

निजामोद्दीन सरांनी टेबलावरच्या नमुन्याकडे पाहिलं. वर ठळक अक्षरांत 'यवनांचं नगर : करिंथ', खाली 'वक्ते : निजामोद्दीन सर'. कोणता शब्द टोचला असेल हे त्यांनी लगेच ओळखलं. त्यांना हसूच आलं.

"अरे, यवन म्हणजे मुळात ग्रीक. आयोनियाचे ते यवन. आम्हाला ते नाव फार नंतर चिकटलं. सांग की त्यांना."

"मला म्हाईत हाय ना सर. तुम्हीच तर शिकवलं." हरिओमने मोबाइलवरून नजर उचलली नाही. "पण लोकायला कोण समजावत बसावं?"

त्याला सरांनी शिकवलं होतं ते पत्र्याच्या शेडमध्ये. भूकंपात दोघांचं गाव एकाच पहाटे भुईसपाट झालं होतं. वडील गेल्यापासून हरिओमची वाचा बसली होती. ते दहा वर्षांचं पोर दिवसभर पत्र्याला टेकून बसे. काय बोलावं ते न सुचून सरांनी त्याला करिंथची गोष्ट सांगितली. रोमनांनी ते शहर जाळलं, शंभर वर्षं तिथं गवत वाढलं, तरी ते पुन्हा वसलं. पुढं भूकंपानं पाडलं, तर लोकांनी समुद्राकाठी नवं करिंथ बांधलं. जुन्या देवळाचे सात खांब अजून उभे आहेत आणि ते पाहायला देशोदेशीचे लोक तिकीट काढून येतात.

"आपलं बी गाव बघायला येतील का?" हरिओम तेव्हा पहिल्यांदा बोलला होता.

कोणी आलं नाही. जुन्या गावठाणात बाभळी माजल्या आणि हरिओमचे लातुरात चार मजली क्लासेस उभे राहिले. या शहरात पोर जन्मतं ते डॉक्टर व्हायलाच, तिथं इतिहासाला कुत्रं विचारत नाही. सर हरिओमच्याच क्लासमध्ये शाळकरी पोरांकडून सनावळ्या पाठ करून घेत आणि दिवस ढकलत. करिंथ त्यांनी फक्त पुस्तकांत पाहिलं होतं, पण त्यातली गल्ली न् गल्ली त्यांना ठाऊक होती. आता नांदेडच्या नव्या शाखेत स्पर्धा परीक्षेची बॅच निघत होती. तिथला इतिहास कोणाकडे द्यायचा, ते रविवारच्या या व्याख्यानावर ठरणार होतं. आयुष्यात एकदा तरी भरल्या सभागृहात हे शहर आपण उभं करावं, या आशेनं सरांना झोप लागत नव्हती.

"मग 'ग्रीकांचं' कर," सर म्हणाले. बोलताना त्यांना वाईट वाटलं. तो शब्द त्यांचा लाडका होता.

"बघतो मी. छापणाऱ्याला सांगतो. आन् तुमचं टिपण बसवंतकडं द्या. पडद्यावर चित्रं लावायचीत."

बसवंत भूगोलाचा, नवा लागलेला, गोड बोलणारा. तो दुपारभर सरांसमोर बसला. खांब कुठं, बाजार कुठं, प्रवासी आज काय पाहतात, सगळं त्यानं खोदून खोदून विचारलं. एवढ्या आवडीनं ऐकणारा सरांना कित्येक वर्षांत भेटला नव्हता. त्यांनी हातचं काही राखलं नाही.

घरी त्यांच्या बायकोनं, साबेरानं, शर्टाला इस्त्री करताना विचारलं, "मुँह काहेको उतारे? एक लफ्ज के वास्ते इत्ता?"

"लफ्ज पुराना है. गलत भी नहीं."

"जाने दो ना जी. लोगाँ तुमकू सुनने आरैं, लफ्ज कू नहीं."

सरांना ते पटलं. शब्दाचं दुःख त्यांनी गिळलं.

रविवारी सकाळी ते सभागृहापाशी पोचले तेव्हा चपलांचा ढीग पायऱ्यांपर्यंत आला होता. गर्दी पाहून त्यांचे डोळे भरून आले. दारात हरिओम पालकांना नमस्कार घालत होता. सरांना पाहून तो घाईघाईनं आत वळला. गडबडीत असेल, असं सरांना वाटलं. दारावर नवा कोरा फ्लेक्स वाऱ्यानं फडफडत होता. तो वाचायला ते जवळ गेले.

हरिओमनं खरोखर एकच शब्द बदलला होता. वर 'यवनांचं नगर : करिंथ' जसंच्या तसं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'वक्ते : बसवंत सर'.