अकरा नंबरचे पिस्टन

"याला फोर्ज्ड म्हणतात?"

वहिनीनं चिंधीची गाठ सोडली आणि फुटक्या पिस्टनचे तुकडे शेठच्या काउंटरवर उपडे केले. सात तुकडे होते. आठवा सापडलाच नव्हता. तो इंजिन फोडून बाहेर गेला होता.

शेठनं तुकड्यांकडे पाहिलं नाही. "हळू, वहिनी. काच नवी आहे."

स्पेअर पार्टच्या बाजारात सगळे तिला वहिनीच म्हणायचे. नवरा गेल्यावर गॅरेज तिनं हातात घेतलं, त्याला नऊ वर्षं झाली. तिनं बांधलेली शर्यतीची चाळीसेक इंजिनं धावली, तरी या दुकानात तिला अजून 'तुम्ही कशाला त्रास घेता, कुणाला तरी पाठवायचं ना' हेच ऐकून घ्यावं लागे. आणि यावं तर लागेच. या मापाचे पिस्टन गावात दुसऱ्या कुणाकडे मिळत नव्हते. बाहेरून मागवायचे तर तीन आठवडे, आणि शर्यत होती रविवारी.

"फोर्ज्ड पिस्टन दाबून घडवलेला असतो, शेठ. तो वितळेल, त्याला भोक पडेल. पण असा बशीसारखा फुटत नाही. हा ओतीव आहे, साच्यात ओतलेला. साध्या गाडीत चालतो, टर्बोच्या दाबापुढे टिकत नाही. तुम्ही तो फोर्ज्डच्या डब्यात घालून मला दिलात."

"डब्यावर काय लिहिलं होतं?"

"डबा इंजिनात बसवत नाहीत."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. शेठला ते झोंबलं. त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि लहान मुलाला समजवावं तसं सुरू केलं. टर्बोचं काम नाजूक. आजकालची पोरं ॲक्सिलरेटरवर नुसता पाय नाही, अख्खं अंग टाकतात. तेल कमी पडलं असेल. पेट्रोल भेसळीचं असेल. बसवताना थोडं इकडचं तिकडं झालं असेल, होतं माणसाच्या हातून. त्यातून बाईमाणूस म्हटल्यावर... एवढं बोलून तो थांबला, पण न बोललेलंच जास्त लागलं.

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटा माल विकायचा, त्याचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडायचं, आणि वर गोड बोलायचं! घाटाच्या तिसऱ्या वळणावर ते इंजिन फुटलं होतं. तेल मागच्या चाकांखाली गेलं, गाडी गरकन फिरली आणि कठड्यावर आदळली. चालवणाऱ्याचं खांद्याचं हाड मोडलं. तिथं कठडा होता म्हणून हाडावर निभावलं. दीड महिना गाडी आणि माणूस दोन्ही पडून होते, आणि हा गृहस्थ काचेची काळजी करत होता.

"झालं गेलं जाऊ द्या," शेठनं नवा डबा पुढे सरकवला. "कालच आलेत. अस्सल फोर्ज्ड."

वहिनीनं एक पिस्टन उचलला, उलटा केला आणि पोकळीत बोट फिरवलं. बोटाला बारीक उंचवट्याची रेघ लागली. साच्याचे भाग जुळतात तिथं ओतीव मालावर अशी रेघ उरते. बाहेरून पिस्टन घासूनपुसून आरशासारखा केला होता. आत हात कोण घालतो?

"ही रेघ कसली?"

"नवी पद्धत निघालीय. कंपन्या बदलतात, वहिनी. आपणही शिकत राहायचं."

"म्हणजे हे फोर्ज्ड आहेत?"

"शंभर टक्के. डोळे मिटून बसवा."

मग तिनं पिस्टन डब्यात ठेवून झाकण लावलं.

"ठीक आहे. बसवते. अकरा नंबरच्या गाडीचं इंजिन आहे हे. यंदा तुमचा मुलगाही उतरतोय ना, चालवणाऱ्याच्या शेजारी बसून रस्ता सांगायला? आज सकाळी जोड्यांची यादी लागली. त्याला अकरा नंबरची गाडी मिळालीय."

शेठचं हसू मावळायला जरा वेळ लागला. वहिनी डबा उचलायला गेली, तर त्याचा हात आधीच झाकणावर पडला होता.

"थांबा," तो म्हणाला. "जरा थांबा, वहिनी."

तो उठला. नोकराला हाक मारायचंही त्याला सुचलं नाही. स्वतःच धापा टाकत शिडी चढला, सगळ्यात वरच्या फळीवर जुन्या बेल्टांच्या ढिगामागे हात घातला आणि एक डबा काढला. खाली उतरून त्यानं तो शर्टाच्या बाहीनं पुसला. डबा हुबेहूब पहिल्यासारखा, अक्षरंही तीच.

"हे न्या. हेच बसवा."

वहिनीनं चारही पिस्टन एकेक करून उलटे केले आणि आत बोट फिरवलं. रेघ कुठंच नव्हती. मागं उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं नुकताच घेतलेला आपला डबा गुपचूप उघडला.

"म्हणजे कुठल्या डब्यात काय आहे, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं."

"एकुलतं एक पोर आहे हो माझं," शेठ म्हणाला. "तेवढं इंजिन नीट बांधा. तो घाट वाईट आहे."

तिनं डबा पिशवीत घातला.

"तुमचा मुलगा कुणाच्या गाडीत बसणार आहे, मला माहीत नाही, शेठ. यादी अजून लागलेलीच नाही. अकरा नंबरची गाडी माझी मुलगी चालवते."