पट्ट्याचा खटका

लेकाच्या हाती वैमानिकाचा परवाना येऊन तीन वर्षं झाली. कंपन्यांचे उंबरठे झिजवून झाले, तरी त्याचं विमान अजून स्वयंपाकघराच्या भिंतीवरच होतं: कॉकपिटचं कागदी चित्र आणि समोरच्या खुर्चीला ठोकलेला जुन्या गाडीचा पट्टा. सवय मोडू नये म्हणून रोज संध्याकाळी आई भाजी निवडता निवडता तपासणीची यादी वाचायची आणि तो चित्रातल्या एकेका बटणावर बोट ठेवून उत्तर द्यायचा. एक जरी चुकलं, तरी यादी पुन्हा पहिल्यापासून. नियम त्याचाच.

आज मुलाखतीहून आला तो थेट खुर्चीत बसला. आईने यादी उघडली.

"ब्रेक?"

"लावलेत."

"इंधन?"

"पुरेसं."

"पट्टा?"

"बांधलाय."

आईने मान वर केली नाही. "खटका नाही वाजला."

त्याने पट्ट्याचं टोक उचललं आणि तसंच मांडीवर सोडून दिलं.

"नाही म्हणाले का रे?"

"अनुभव आणा म्हणतात. कुणी विमानच देईना, तर तो आणू कुठून?"

हातातली शेंग तिने सोलून टाकली. मग हात पुसून तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"पट्टा राहिला तुझा," ती म्हणाली. "ब्रेक?"