गेटावरचं ग्रीक

छापखान्यातल्या मशीनच्या खडखडाटात चौतीस वर्षं काढून नाशिक रोडचे रंगनाथराव रिटायर झाले, तेव्हा त्यांना फक्त शांतता हवी होती. गल्लीत 'शांती' नावाचे चार बंगले होतेच, म्हणून त्यांनी मोबाईलवर 'सायलेन्स'चं प्राचीन ग्रीक शोधून गेटावर पितळी अक्षरांत ठोकलं. तेव्हापासून येणारा-जाणारा बेल दाबून विचारायचा, "काका, हे काय लिहिलंय?"

"मराठीत लिहा," त्यांच्या पत्नी कुसाबाई करवादल्या, "कुणी ढुंकूनही बघणार नाही."

वैतागून रंगनाथरावांनी खाली पाटी लावली : 'वरच्या ग्रीक शब्दाचा अर्थ शांतता. बेल वाजवू नये.'

 

दुपारी डोळा लागला, तोच बेल. "काका, पाटी वाचली. म्हणजे तुम्हाला ग्रीक येतं. आमच्या बंगल्याचं 'हॅपी होम' तेवढं करून द्या ना."